दीनबंधू चालवणाऱ्या तानूबाई बिर्जे

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर आपण नेहमी केळीवरचा करपा, कपाशीवरची बोंडअळी, ठिबकचे अनुदान असले विषय वाचता. आज जरा वेगळा विषय घेतो आहे. एका बाईची हकिकत सांगायची आहे. त्यांनी कधी बाग लावली नाही की औत हाकले नाही. पण शेतकऱ्याचे आणि मजुराचे म्हणणे छापणारे एक वर्तमानपत्र त्यांनी नवऱ्याच्या मागे सहा वर्षे चालवले. साल १९०६ ते १९१२. बाईंचे नाव तानूबाई बिर्जे, पत्राचे नाव दीनबंधू.

नाव ओळखीचे वाटत नाही ना? मलाही शाळेत कोणी सांगितले नव्हते, आणि कृषी पदविकेच्या पुस्तकात तर ते असायचे कारणच नव्हते. पण गेल्या हंगामात सावदा परिसरात एका बागेत गेलो आणि या बाईंची आठवण झाली. बागेचे सगळे काम एक बाई बघतात. नवरा जाऊन चार वर्षे झाली. खताचा हप्ता कधी द्यायचा, घडाला टेकू कधी लावायचा, पिलबाग ठेवायचा की मोडायचा, व्यापाऱ्याशी भाव कसा बोलायचा, सारे त्यांच्याच डोक्यावर. ठिबकच्या अर्जासाठी उतारा मागितला तर सात-बारावर अजून मयत नवऱ्याचेच नाव. गावात विचारा, बाग कुणाची? उत्तर येईल, गेलेल्या माणसाची. राबणारी एक आणि नाव दुसऱ्याचे. तानूबाईंच्या बाबतीत थोडेफार असेच झाले आहे, म्हणून हा लेख.

दुष्काळाच्या सालातला जन्म

तानूबाईंचा जन्म १८७६ चा, पुण्यातला. त्याच साली दख्खनेत मोठा दुष्काळ सुरू झाला आणि तो १८७८ पर्यंत पुरला. आदल्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जाचे कागद जाळले होते. म्हणजे बघा, शेतकऱ्याच्या घरात दाणा नाही आणि डोक्यावर व्याजाचे ओझे, अशा दिवसांतला हा जन्म.

वडील देवराव ठोसर. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. हा समाज जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात काढला. लग्नकार्यात भटजीची गरज नाही, मुलामुलींना शाळेत घाला, सावकार आणि कारकून यांच्या कागदाला अंगठा देण्याआधी तो कागद वाचायला शिका, असे त्याचे साधे सांगणे. दुष्काळात याच मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. अशा वातावरणात तानूबाई वाढल्या.

वडिलांनी मुलीला शाळेत घातले. पुण्याच्या वेताळ पेठेतल्या शाळेत त्या शिकल्या. आज आपल्या मुली सायकलवर बसून हायस्कूलला जातात, त्यामुळे त्यात विशेष वाटत नाही. पण आकडा बघा. १९०१ च्या शिरगणतीत अख्ख्या देशात हजार बायकांमागे लिहिता-वाचता येणाऱ्या जेमतेम सहा होत्या. त्याच्याही आधीच्या काळात तानूबाई अक्षर गिरवत होत्या.

१८९३ साली त्यांचे लग्न वासुदेवराव बिर्जे यांच्याशी झाले. लग्न सत्यशोधक पद्धतीने लागले. जोतीराव तेव्हा हयात नव्हते, ते १८९० मध्येच गेले होते. पण सावित्रीबाई होत्या. जोतीरावांच्या मागे त्या घरात बसल्या नाहीत. तानूबाईंच्या लग्नाच्याच वर्षी सासवडला भरलेल्या सत्यशोधकांच्या परिषदेच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या. नवरा गेल्यावर बाईने त्याचे काम पुढे न्यायचे, याचे उदाहरण तानूबाईंना असे जवळच बघायला मिळाले होते.

बडोद्याचे दिवस

वासुदेवराव बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांकडे ग्रंथपाल होते. हे सयाजीराव आपल्या लगतचेच. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. पुढे त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पाटी-पुस्तकाला मान देणारे ते राज्य होते. अशा ठिकाणी नवऱ्याच्या हाताखाली पुस्तकांचे भांडार आणि घरात वाचणारी बायको. वासुदेवरावांनी स्वतःही लिहिले. क्षत्रिय आणि त्यांचे अस्तित्व हे त्यांचे पुस्तक १९०३ साली निघाले.

राजाची नोकरी म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार. वाचकहो, त्याची किंमत आपल्याला कळते. पाऊस पडो न पडो, गारपीट होवो न होवो, पगार येतो. ती नोकरी सोडून वासुदेवरावांनी मुंबईत दीनबंधू चालवायला घेतले.

दीनबंधू म्हणजे काय होते

याचे महत्त्व कळायला आधी आपल्याच गावाची एक जुनी गोष्ट सांगतो. १८५२ साली सरकारने या भागात जमिनीची नवी मोजणी सुरू केली. मोजणी झाली की सारा वाढेल, असे लोकांच्या मनात बसले. सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातले शेतकरी हजारोंनी जमले आणि मोजणीला त्यांनी विरोध केला. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना धरले आणि चळवळ मोडून काढली. सावदा त्या काळात तालुक्याचे ठिकाण होते. पण या शेतकऱ्यांची बाजू कोणी छापायची? आपल्याला आज जे वाचायला मिळते ते बहुतेक साहेबाच्या कागदावरचे, गॅझेटियरमधले. शेतकऱ्याचे स्वतःचे पत्रच नव्हते.

ती उणीव पुढे पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी भरून काढायला सुरुवात केली. १ जानेवारी १८७७ ला, ऐन दुष्काळात, त्यांनी दीनबंधू काढले. पैशाची ओढाताण झाली आणि पत्र थांबायची वेळ आली. १८८० मध्ये ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. रविवारची सुटी आज आपण सहज घेतो. गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली, ती त्यांच्या खटपटीमुळे.

जोतीरावांचे शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ते १८८३ मध्ये लिहून पुरे झाले. त्याचा सुरुवातीचा भाग दीनबंधूमध्येच छापून आला. पुढचा भाग लोखंड्यांनी छापला नाही, म्हणून जोतीराव नाराज झाले, हेही खरे आहे. एका चळवळीतली माणसे असली तरी संपादकाला राजद्रोहाची, खटल्याची धास्ती असतेच. पत्र चालवणे म्हणजे नुसते लिहिणे नसते, हे यावरून ध्यानात येते.

१८९७ चा प्लेग आला आणि त्याने फेब्रुवारीत लोखंड्यांना नेले, मार्चमध्ये सावित्रीबाईंना नेले. दोघेही रोग्यांची सेवा करताना गेले. पुढे पत्राची जबाबदारी बिर्जे दांपत्याकडे आली. केळीच्या भाषेत सांगायचे तर मातृझाड कापले तरी बुंध्याशी पील राखलेले असले की बाग पुढे चालतो. दीनबंधूचे तसेच झाले. भालेकर, लोखंडे, वासुदेवराव आणि मग तानूबाई.

साल १९०६

१९०६ हे साल आपल्या लक्षात राहायला सोपे आहे. त्याच वर्षी सरकारने मोठ्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्व खानदेश म्हणजे आपला जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे. इकडे जिल्ह्याची वाटणी झाली आणि तिकडे मुंबईत तानूबाईंचे कुंकू पुसले गेले. वासुदेवराव वारले. तानूबाईंचे वय तिशीचे.

त्या काळच्या विधवेची स्थिती मी वेगळी सांगायला नको. घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा. कायदाही तिच्या बाजूचा नव्हता. एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नसे, मिळालीच तर पोटगी. तिला थोडाफार हक्क देणारा कायदा व्हायला १९३७ साल उजाडावे लागले, आणि पुरा वारसा हक्क तर १९५६ मध्ये मिळाला. अशा वेळी तिशीतल्या विधवेने छापखान्याच्या कामात पडावे, पुरुषांच्या सभांचे वृत्तांत तपासावेत, सरकारवर आणि समाजावर टीका करणारे अग्रलेख लिहावेत, हे त्या दिवसांत किती जणांना रुचले असेल, याचा विचार करा.

पत्र बंद करणे सोपे होते. कोणी नावेही ठेवली नसती. मालक गेला, पत्र बंद पडले, असे तेव्हा नेहमी घडे. तानूबाईंनी ते बंद केले नाही. संपादकाच्या जागेवर त्या स्वतः बसल्या.

आठवड्याचे पत्र म्हणजे काय काम असते, ते जरा समजून घेऊ. गावोगावहून पत्रे येतात, ती वाचायची. कोणते खरे, कोणते भावकीच्या भांडणातून आलेले, ते ओळखायचे. मजकूर नीट करून छापखान्यात द्यायचा. तिथे एकेक खिळा जुळवून पान बांधले जाते, त्याच्या चुका काढायच्या. कागदाचे पैसे, शाईचे पैसे, टपालाचे पैसे. वर्गणीदार अंक घेतो आणि वर्गणी मात्र थकवतो, त्याला पुन्हा पुन्हा आठवण करायची. हे एकदा करून भागत नाही. आठवड्याचे पत्र म्हणजे वर्षाला बावन्न वेळा तेच चक्र. दुधाचा धंदा करणाऱ्याला हे लवकर कळेल. सण असो, आजारपण असो, गाय काही सुटी देत नाही.

आणि वर्गणीदार तरी कोण? ज्यांच्यासाठी पत्र होते, त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हते. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे.

काय छापले, कशासाठी छापले

तानूबाईंच्या हातात पत्र असताना राजकारण तापलेले होते. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. काळ पत्राचे शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच वर्षी तुरुंग घडला. १९१० साली सरकारने वर्तमानपत्रांचा नवा कायदा केला. त्यात छापखानेवाल्याकडून पाचशे रुपयांपासून पाच हजारांपर्यंत जामीन मागायची आणि लिखाण खटकले तर तो जप्त करायची सोय होती. त्या काळातले पाच हजार म्हणजे मोठी इस्टेट. लहान पत्राचे कंबरडे मोडायला एवढे पुरे होते. अशा दिवसांत तानूबाई अग्रलेख लिहीत होत्या.

दीनबंधूची भूमिका टिळकांच्या पत्रांसारखी नव्हती. स्वराज्य कधी यायचे त्याआधी शेतकऱ्याच्या पोराला शाळा मिळते की नाही, कचेरीत त्याचे ऐकणारा कारकून आहे की नाही, हा सत्यशोधकांचा प्रश्न होता. ब्राह्मण वर्गावर त्यांची टीका कडक असे. आज वाचताना कोणाला ती पटेल, कोणाला नाही पटणार. पण प्रश्न खरा होता. १९०९ च्या सुधारणांनी कायदे कौन्सिलात निवडून जाणाऱ्यांच्या जागा वाढल्या. पण त्यांना निवडणारे कोण? नगरपालिका, लोकल बोर्डे, जमीनदार, व्यापारी. दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याला मत नव्हते. शेतमजुराचा तर प्रश्नच नव्हता, आणि बायकांचा कोणी विचारही केला नव्हता. जिथे प्रांताचे निर्णय होतात, तिथे बहुजन समाज कुठे आहे, हा विषय तानूबाईंनी १९१२ मध्ये अग्रलेखात घेतला. ज्या बाईला स्वतःला मत नव्हते, ती बाई दुसऱ्यांच्या मतासाठी लिहीत होती.

याच वर्षांत चळवळ पुन्हा उभी राहत होती. १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी नगर जिल्ह्यात दीनमित्र सुरू केले. ते पुढे तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षे निघत राहिले. मुकुंदराव हे दीनबंधू काढणाऱ्या भालेकरांचेच चिरंजीव, पाटलांच्या घरी दत्तक गेलेले. १९११ साली पुण्यात सत्यशोधकांची परिषद भरली. जोतीराव आणि लोखंडे गेल्यावर चळवळ थंडावली होती, ती पुन्हा पेटायच्या मधल्या काळात दीनबंधूचा दिवा विझू दिला नाही, तो तानूबाईंनी. विहिरीला पाणी लागेपर्यंत रोप जगवून ठेवणारा एखादा घागरीने पाणी घालतो ना, तसे त्यांचे काम.

पुष्कळ ठिकाणी त्यांना देशातल्या पहिल्या स्त्री संपादक म्हटले जाते. हे तपासून घेतले पाहिजे. बंगालमध्ये स्वर्णकुमारी देवी १८८४ पासून भारती मासिकाच्या संपादक होत्या. तेव्हा पहिला नंबर कुणाचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तानूबाईंचे वेगळेपण दुसरीकडे आहे. त्या काळी बायका संपादन करत, ते बहुधा साहित्याच्या किंवा बायकांसाठीच्या मासिकांचे. तानूबाईंच्या हातात राजकारणावर आणि शेतकरी-कामकऱ्यांच्या प्रश्नांवर बोलणारे साप्ताहिक होते. वाचणारे बहुतेक पुरुष, विषय सभेचे, कौन्सिलाचे, साऱ्याचे, शाळेचे. त्या पुरुषांना दर आठवड्याला एक बाई काय ते सांगत होती आणि ते वाचत होते.

१९१२ पर्यंत त्यांनी हे काम केले. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्या गेल्या. वय उणेपुरे सदतीस.

आपण काय करायचे

पुढे काय झाले ते सांगतो. भालेकरांचे नाव राहिले. लोखंड्यांचे नाव राहिले, आणि ते राहायलाच हवे. तानूबाईंचे नाव मात्र फार वर्षे संशोधकांच्या कागदापुरते उरले. सहा वर्षे पत्र त्यांनी चालवले आणि लोकांनी ते नवऱ्याचे पत्र म्हणून ओळखले. अलीकडे त्यांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले, पण आपल्या गावच्या वाचनालयात किंवा शाळेत किती जणांना ते माहीत आहे, हे विचारून बघा.

आता सुरुवातीच्या बागेकडे परत येऊ. तानूबाईंच्या वेळी कायदा बाईच्या विरुद्ध होता. आज तो तिच्या बाजूचा आहे. नवऱ्याच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे वारस आहेत. जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती दिली की गाव नमुना सहा-क मध्ये नोंद होते आणि पुढे फेरफार पडून सात-बाराला नाव लागते. हे होत नाही, तोपर्यंत बाईला पीककर्ज काढायला अडचण, ठिबकचे अनुदान अडकते, पीकविमा अडकतो.

पुष्कळ घरांत सांगतात, घाई कशाला, पोरगा मोठा झाला की एकदमच करू. दीर म्हणतो, मी आहे ना. त्यात दरवेळी वाईट हेतू असतो असे नाही. पण वर्षे जातात, आणि बाई दुसऱ्याच्या नावावर राबत राहते. गावकामगार मंडळींना माझी विनंती आहे, गावात मयतीची नोंद झाली की वारस नोंदीचे त्या घरी स्वतःहून सांगा. बाई कचेरीत येईल तेव्हा बघू, असे ठेवू नका. तिचे येणे सोपे नसते.

आणि शेतकरी बंधूंनो, आपल्या शिवारात अशी एखादी बाग असेल, तर पुढच्या वेळी कोणी ती कुणाची म्हणून विचारले, की जी बाई ती राखते तिचे नाव सांगा. तानूबाईंच्या वाट्याला ते फार उशिरा आले. आपल्या गावातल्या बाईच्या वाट्याला ते वेळेवर यायला पैसा लागत नाही.